ताटावरची पाळत

जुबैल, शनिवार, ५ जुलै २०२५

क्षमे,

'प्रिय' मुद्दाम गाळलं आहे. दोन वर्षांच्या अबोल्यानंतर एकदम विशेषण लावलं तर तू पुरावा मागशील.

रविवारच्या पुरवणीतला तुझा लेख वाचला, 'ताटावरची पाळत'. शीर्षक झकास. आप्पा असते तर आधी त्यातल्या शब्दन् शब्दाचं व्याकरण सोडवून घेतलं असतं आणि मग नाइलाजाने शाबासकी दिली असती. मजकुरात 'आखातातील एक उत्साही भारतीय डॉक्टर महिला' असं आलं आहे. 'उत्साही' सोडलं तर वर्णन माझंच आहे. नाव का नाही घातलंस? वकील असून बदनामी इतकी मोघम करतेस?

मी ऑनलाइन परिषदेत केलेलं भाषण तू ऐकलंस, पण वाचकांना अर्धंच सांगितलंस. उरलेलं अर्धं मी सांगते, म्हणजे पुढच्या लेखात मला पूर्ण फाशी देता येईल.

आमच्या हॉस्पिटलकडे एका ठेकेदार कंपनीच्या लेबर कॅम्पचा दवाखाना आहे. कंपनीची माणसं केमिकलच्या कारखान्यांत मचाणं बांधतात, पाइप जोडतात. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी आहे, पण उकाडा काही सरकारी आदेश वाचत नाही. माणसाला ऊन लागतं, पिंडऱ्या वळतात, लघवी चहासारखी होते, तरी तो दवाखान्यात येत नाही. आला तर 'अनफिट' ठरेल, आणि अनफिट माणसावर उपचार करण्यापेक्षा त्याचं परतीचं तिकीट काढणं कंपनीला सोपं जातं. म्हणून माझ्याकडे येतात ते मूत्रपिंडं थांबल्यावर, दोघांच्या खांद्यावरून.

पण आजारी माणसाचं आधी जेवण सुटतं. कॅम्पच्या मेसमध्ये शिरताना प्रत्येकाला कार्ड टेकवावं लागतं. मेसचा ठेकेदार वेगळा आहे, आणि कोण कधी जेवलं हा तपशील तो फक्त आम्हाला पाठवतो, कधी अन्नातून विषबाधा झाली तर शोध घेता यावा म्हणून. कंपनीला नुसता महिन्याचा एकूण आकडा जातो. मी आमच्या कॉम्प्युटर विभागातल्या अफशाँला म्हटलं, जो त्या आठवड्यात उन्हात कामाला होता आणि ज्याची सलग दोन जेवणं चुकली, त्याचं नाव लाल कर.

"मॅडम, एवढंच? याला अल्गोरिदम म्हणायचं?"

"म्हण. नुसती काळजी म्हटलं तर साहेबलोक मीटिंग देत नाहीत."

पहिल्याच आठवड्यात तल्हाचं नाव लाल झालं. दापोलीकडचा पोरगा, मचाण बांधणारा. वरच्या बंकवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. खोलीतल्यांना वाटलं, ड्यूटी करून झोपलाय. मी हलवलं तर म्हणाला, "आई, गाडी सुटंल." आणखी एक दिवस गेला असता तर खरंच सुटली असती. डायलिसिसवर काढला त्याला. आता वॉर्डात बसून क्रिकेट बघतो आणि माझ्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी करतो.

तुझा आक्षेप असा की माहिती विषबाधेसाठी मिळाली होती आणि मी ती भलत्याच कामाला लावली. 'उद्देशबाह्य वापर' म्हटलंस. आप्पांकडे संस्कृत शिकल्याचा हा फायदा, चोरीलासुद्धा समास सापडतो. तर हो, केला उद्देशबाह्य वापर. रोज करते. माफीनामा सोबत जोडलेला नाही.

ताई
(उत्साही)


जुबैल, शनिवार, १९ जुलै

क्षमे,

उत्तर मिळालं. 'ताई, हे बंद कर. आज तू केलेली यादी उद्या दुसरं कोणी मागेल.' खाली सही नाही. नोटीस पाठवताना तरी करत असशील.

बंद करणार नाही.

लेखात तू 'माझ्याच घरातल्या एका वृद्धाच्या मनगटावर' असा उल्लेख केला आहेस, म्हणून तो विषय तूच काढलास असं मी धरते. आप्पांना रस्ते आठवेनासे झाले तेव्हा ते घड्याळ मी पाठवलं, ते कुठे आहेत हे मला इथे बसून दिसावं म्हणून. 'आप्पा म्हणजे कुरिअरचं पार्सल नाहीत' असं म्हणून तू ते काढून ठेवलंस. वाक्य सुंदर होतं. मग ते हरवू नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी लावलीस. शेवटचं वर्षभर आप्पा कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंतही गेले नाहीत. त्यांचा खासगीपणा तू उत्तम राखलास, कडीच्या आत. माझं घड्याळ त्यांच्या मनगटावर असतं तर ते निदान चालले असते. हे मी तेव्हाही म्हटलं होतं. तू त्यावर भांडली असतीस तर मला चाललं असतं. तू बोलणंच बंद केलंस.

असो. आता तुला आनंद होईल अशी बातमी. माझा अल्गोरिदम सपशेल तोंडावर आपटला.

शुक्रवारी सकाळी एका खोलीतली सगळीच्या सगळी नावं लाल. गुरुवारचं रात्रीचं जेवण नाही, शुक्रवारचा नाश्ता नाही. मला घाम फुटला. गॅस गळाला की पाणी दूषित? भोंगा वाजवत अँब्युलन्स नेली, स्ट्रेचर उतरवलं, अफशाँ ऑक्सिजनचं सिलिंडर ढकलत मागून. दार उघडलं आणि आतून सुक्या जवळ्याचा असा काही वास आला की ड्रायव्हरने तिथेच 'माशाल्लाह' म्हटलं.

दारात हुसेनमियाँ, हातात झारा. साठीला आलेले, श्रीवर्धनकडचे, खोलीत वयाने सर्वांत मोठे. आख्खी खोली एकाच गावची.

"कोन मेला?" त्यांनी स्ट्रेचरकडे बघत विचारलं.

"तुम्ही सगळे. कॉम्प्युटरच्या मते."

"मंग मयताचा जेवान जेवून जावा, डॉक्टरबाई. आलाव तर."

कॅम्पच्या खोलीत चूल लावायला सक्त मनाई आहे. म्हणून विजेची शेगडी कपाटात, बुटांच्या मागे. आमच्या कोकणी खोल्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज असा की गुरुवार संध्याकाळ ते शुक्रवारची नमाज मेसच्या डाळीला सुट्टी. त्या दिवशी घरून आलेला जवळा, सोडे, कोकम. हे कॅम्पात सर्वांना माहीत होतं, माझा अल्गोरिदम सोडून. मी अफशाँवर उखडले. "अगं, तू म्हसळ्याची ना? तुला ठाऊक नव्हतं?"

"मॅडम, आमच्या घरी जेवण अम्मी बनवते. मी फक्त खाते."

बसावं लागलं. ताटात काय होतं ते लिहीत नाही. आप्पांची मुलगी म्हणून माझाही काही खासगीपणा आहे.

इथवर तू हसली असशील तर आता थांब. शुक्रवार वगळल्यावर बाकीची नावं साधी झाली, एक उरलं. हुसेनमियाँचं रात्रीचं जेवण आठवड्यात बहुतेक वारी चुकतं, कधी कधी त्यामागचा नाश्ताही. ते माझे साखरेचे रुग्ण आहेत, इन्सुलिनवर. मी त्यांना दवाखान्यात बोलावून विचारलं. त्यांनी उठून आधी दार लावलं.

संध्याकाळी ते कोळ्यांच्या बंदरावर जाळी विणायला जातात. बोटींवर आपल्याकडची माणसं आहेत, फाटलेली जाळी साठलेली असतात. बोटीचा म्होरक्या, तांडेल, भात-मासळी जेवायला घालतो, वर चार पैसे देतो. धाकटी तस्नीम नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "आनि खरा सांगू काय, लोखंड उचलून हात मेलेत माजे. जाल्यात घातले का जिते होतात."

ज्या कफीलच्या, म्हणजे हमीदार मालकाच्या, नावावर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्याशिवाय दुसऱ्याकडे काम करणं हा इथे गुन्हा आहे. कळलं तर दंड, परतीचं विमान आणि पुन्हा येण्याची बंदी. मी हे सगळं विचारलंच नव्हतं. मला फक्त साखर बघायची होती.

"तुमच्या मशीनला कुनी सांगितला, हुसेन कवा जेवत नाय तो?"

"तुमच्या कार्डाने."

त्यांनी इन्सुलिनच्या पेनांची पिशवी घेतली आणि गेले. जाताना माझ्याकडे असं पाहिलं की तुझ्या आख्ख्या लेखात मला तसं कुणी पाहिलं नव्हतं.

तरीही बंद करणार नाही. पण झोप उडाली आहे, हे तुझ्या माहितीसाठी.

ताई


जुबैल, मंगळवार, १२ ऑगस्ट

क्षमे,

दुसरं कोणी आलं.

नाव चैतन्य, गाव नाशिक, हुद्दा कंपनीचा कॅम्प अधिकारी. सुट्टीवरून येताना माझ्यासाठी चिवडा घेऊन येतो. खलनायक असा गोड असावा हे मला पसंत नाही, पण आहे.

"मॅडम, तुमचं काम फार इन्स्पायरिंग आहे. मॅनेजमेंटलाही आवडलंय. दर आठवड्याला रात्री न जेवणाऱ्यांची यादी आम्हाला मिळाली तर बरं होईल. वेल्फेअरसाठी."

"कुणाच्या?"

तो हसला. "मॅडम, जो जेवत नाही तो जातो कुठे, हा प्रश्न आपल्या दोघांचाही आहे ना?"

"माझा नाही. तो का जेवत नाही, एवढाच माझा प्रश्न."

"एकाच डेटाला दोन प्रश्न विचारले तर काय बिघडलं? बाहेर कामं करताना आमची माणसं पकडली जातात, दंड कंपनीला होतो. वरून माझ्या मागे लागलेत. तुम्ही समजून घ्या."

मी समजून घेतलं. हुसेनमियाँचं नाव त्या यादीत सर्वांत वर असेल. मीच ते वर नेऊन ठेवलं आहे, त्यांच्या काळजीपोटी, लाल शाईत.

तर आता पुढचं वाक्य नीट वाच, पुन्हा मिळणार नाही. तू बरोबर होतीस.

झालं समाधान? आता हे ऐक. गेल्या बुधवारी आणखी एक नाव लाल झालं. नेपाळी वेल्डर, भाषेमुळे कुणाशी फारसा न बोलणारा. न्हाणीघराजवळ भिंतीला टेकून बसला होता, अंग तापलेलं आणि घाम नाही. तो वाचला. तुझ्या सल्ल्याने मी गेल्या महिन्यात सगळं बंद केलं असतं तर तो तिथेच बसून राहिला असता, आणि त्याचा खासगीपणा अगदी अबाधित राहिला असता.

मी यादी देणार नाही, आणि शोधणंही थांबवणार नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये कुठे उभं राहायचं ते मला कळत नाही, म्हणून तुला विचारते आहे. 'बंद कर' हे उत्तर चालणार नाही, तो कामचुकारपणा झाला. इतकी वर्षं खासगीपणावर भाषणं देतेस ना? मग सांग, पाळत न ठेवता लक्ष कसं ठेवायचं?

ताई


जुबैल, गुरुवार, २१ ऑगस्ट

क्षमे,

दोन वाक्यांवरून तीन पानं! आणि सही! मी ती पानं अफशाँला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मॅडम, तुमची सिस्टर खूप स्ट्रिक्ट आहे." मी म्हटलं, लहानपणी माझ्या पाटीवर रेघ ओढून तिची बाजू वेगळी ठेवायची.

तू सांगितलंस ते केलं. आधी विचारायचं. नाही म्हणेल त्याला कारण न विचारता काढायचं. ज्याच्या हातात त्या माणसाची नोकरी आहे त्याच्यापर्यंत काहीही पोचू द्यायचं नाही. आणि ज्याची गरज संपली ते पुसायचं.

मेसमध्ये स्टुलावर उभी राहून मी हिंदीत विचारलं. माझं हिंदी तुला माहीत आहे. "आप लोगोंका खाना हम देखते थे, बिना पूछे," असं म्हटल्यावर कुणीतरी मागून ओरडलं, "तो कभी चखके भी देखो, मॅडम!" खूप हसले. मग बरेच हो म्हणाले, काही नाही म्हणाले.

हुसेनमियाँ रांगेतून बाहेर आले. "माजा नाव काडा."

क्षमे, सगळ्या कॅम्पात कुणावर डोळा ठेवायला हवा असेल तर तो त्यांच्यावर. साखर घसरली तर तो माणूस बंदरावर कुठल्या तरी जाळ्याच्या ढिगात पडेल आणि कुणाला कळणार नाही. हे सगळं माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. "काढलं," म्हटलं. तुझं कलम पाळायला फार महाग आहे, तेवढं नोंदव.

आणि आधीचा सगळा साठा, कोण कधी जेवलं नाही त्याचा, अफशाँने त्याच संध्याकाळी पुसून टाकला.

कंपनीची लेखी मागणी तीन दिवसांनी आली. काल मीटिंग झाली. आमचे वैद्यकीय संचालक, कंपनीचे दोन साहेब, चैतन्य. मी सांगितलं, जुनी यादी आता अस्तित्वात नाही, आणि असती तरी दिली नसती. रुग्णाच्या नाडीबद्दल मी त्याच्या मालकाशी बोलत नाही, त्याच्या ताटाबद्दलही बोलणार नाही. एका साहेबाने विचारलं, मग इतके दिवस कुठल्या अधिकाराने बघत होतात? प्रश्न तुझाच होता, फक्त टाय घालून आला होता. मी म्हटलं, "अधिकार नव्हता. म्हणून तर आता विचारून बघते."

निकाल: मेसची माहिती आजपासून आमच्याकडे येणं बंद. माझा करार डिसेंबरात संपतो, तो वाढवणार नाहीत. संचालकांनी चहा मागवून हे सांगितलं, त्यामुळे अपमान वाटला नाही. खलास.

बाहेर अजून उन्हाळा तसाच आहे. लाल नावं मात्र आता कुणालाच दिसत नाहीत.

ताई


जुबैल, रविवार, १४ सप्टेंबर

क्षमे,

'आता तरी थांबशील' असं लिहिलंस. गेल्या पन्नास वर्षांत मी कधी थांबले आहे?

कल्पना तल्हाची. त्याला सध्या स्टोअरमध्ये हलकं काम दिलं आहे, म्हणून विचार करायला वेळ असतो. दवाखान्यात तपासणीला आला आणि म्हणाला, "मॅडम, ते कार्ड गेला तर गेला. जेवलो का नाय ते आमीच सांगू की."

अफशाँने फोनवर चालेल असं काहीतरी केलं. एकच बटण आहे, त्यावर लिहिलंय 'जेवलो'. हिंदी, नेपाळी, बंगालीतही आहे. कुठे जेवलो, कधी, कुणाबरोबर, काही नाही. सलग दोन जेवणं बटण दाबलं गेलं नाही तर निरोप जातो एकाच माणसाला, ज्याचं नाव त्याने स्वतः दिलेलं असतं. कंपनीला नाही, हॉस्पिटलला नाही, मलाही नाही. माझ्या टेबलावरची लाल नावं कायमची गेली आणि पहिले काही दिवस मला हात कापून दिल्यासारखं झालं.

सर्वांत आधी बटण कुणी घेतलं सांगू? हुसेनमियाँनी. मी म्हटलं, "तुम्ही तर नाव काढायला लावलं होतं." तर म्हणाले, "तवा मशीन विचारायची हुसेन कुठं हाय. ही विचारते हुसेन जेवला काय. दोन येगळ्या गोष्टी, डॉक्टरबाई. तुमच्या ध्यानात उशिरा आला." सोबतीचं नाव त्यांनी तल्हाचं दिलं.

गेल्या मंगळवारी ती बोट उशिरा लागली. तांडेलच नाही तर जेवण नाही. दुपारचंही हुसेनमियाँनी टाळलं होतं, पण इन्सुलिन वेळेवर घेतलं, कारण डॉक्टरबाई ओरडतात. दोन जेवणांचं बटण राहिलं आणि निरोप तल्हाकडे गेला. त्याला ठाऊक होतं कुठे जायचं, कारण त्याला हुसेनमियाँनी स्वतः सांगितलं होतं. टॅक्सी करून बंदरावर पोचला तर ते जाळ्यांना पाठ लावून बसलेले, घामाने भिजलेले, तल्हाला 'अब्बा' म्हणत होते. पोराने शेजारच्या टपरीवरून सरबत आणून घोट घोट पाजलं आणि माझ्याकडे आणलं.

"वाचलास ना, चाचा?" तल्हा त्यांना म्हणाला.

"वाचलो. पन सरबत लय गोड होता रे. डॉक्टरबाई ओरडतील."

ओरडले. मग केसपेपर लिहायला घेतला. 'रुग्ण कोठे आढळला' असा एक रकाना असतो. मी तो कोरा ठेवला. चैतन्य दुसऱ्या दिवशी आलाच. टेबलावरच्या कागदातल्या कोऱ्या रकान्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. जाताना दारात थांबून विचारलं, "मॅडम, हे जे फोनवर चाललंय, त्याला परवानगी कुणी दिली?"

"ज्यांनी बटण दाबलं त्यांनी."

डिसेंबरात मी इथे नसेन. दम्मामला एका दवाखान्याशी बोलणं चाललंय, नाहीतर हुफूफला. कुठेही ऊन आहेच. बटण मात्र इथे माणसांच्या खिशात राहील. ते बंद करायचं तर साहेबांना एकेक खिसा चाचपावा लागेल, आणि त्यातले बरेच खिसे दाभणाने शिवलेले आहेत. तू यावर हवा तर दुसरा लेख लिही. या वेळी नाव घाल.

आता तुझं. आप्पा गेल्यापासून तू त्या घरात एकटी राहतेस. डबा लावला आहेस असं मावशी सांगते, आणि कधी कधी तो संध्याकाळपर्यंत दाराच्या कडीला तसाच लटकलेला असतो असंही. अफशाँने विचारलं, "मॅडम, पुण्याचं एक नाव घालू?" मी तिला थांबवलं. आधी विचारायचं असतं, असं एका कडक वकीलबाईंनी मला तीन पानं लिहून शिकवलं आहे.

म्हणून विचारते. हो किंवा नाही, एवढंच कळव. युक्तिवाद नको. नाही म्हणालीस तर कारण विचारणार नाही, फार महाग पडलं तरी. हो म्हणालीस तर एक नाव द्यावं लागेल, दोन जेवणं चुकली की ज्याला कळवायचं त्याचं.

माझं चालेल.

ताई